चौथ्या वर्गातली किरुमी

राजिवडा, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०००

ती. अब्बांस,

महरीनचा सलाम. आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही बोटीवर मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आता कामाचं.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ गेमचा डबा पोचला. त्यातली पिवळी कॅसेट म्हणजे ‘मोरिनो’ या खेळाचा दुसरा भाग, दिवसाचा. तुम्ही स्वतःसाठी काळी, म्हणजे रात्रीची कॅसेट आणि दुसरा डबा ठेवलात, कारण दुकानदाराने जोडीवर सूट दिली, हे वाचून अम्मी म्हणाली की या माणसाला सूट दिसली की पाय घसरतात. पण अब्बा, या वेळी तुमच्या हातून चुकून बरोबर झालं आहे. या खेळात रानावनातले, पाण्यातले प्राणी जाळं टाकून गोळा करायचे असतात. काही प्राणी फक्त दिवसाच्या कॅसेटमध्ये राहतात, काही फक्त रात्रीच्या. दोन डबे वायरने जोडले की अदलाबदल करता येते. म्हणजे तुमच्याशिवाय माझं भागत नाही. यावर फार खूश होऊ नका, कारण तुम्हाला अजून काहीच येत नाही.

सोबतचं पुस्तक जपानी आहे. चित्रं बघायची आणि उसासे टाकायचे. म्हणून मी माझी वर्गवारी केली, आपल्या बाजारासारखी. पावलोपावली भेटतात ते तारली वर्ग. थोडे शोधावे लागतात ते बांगडा वर्ग. दमवतात ते सुरमई वर्ग. आणि शेवटचा घोळ वर्ग. घोळ मासा कसा एखाद्याच्याच जाळ्यात येतो आणि मग बंदरभर बोभाटा होतो, तसे हे. अख्ख्या खेळात एकेकच.

या घोळ वर्गात पुन्हा तीन जाती आहेत, नीट वाचा. पहिले ठाण मांडलेले. हे गुहेच्या टोकाला नाहीतर डोंगरावर बसून असतात, आपण जायचं. दुसरे भटके. आज इथे तर उद्या तिथे, आणि समोर आले की आपण जाळं काढेपर्यंत पसार. अम्मी म्हणाली, ही जात माझ्या चांगली ओळखीची आहे. तिसरे जुळे. एक माझ्या कॅसेटमध्ये, दुसरा तुमच्या.

सगळ्यांची नोंद राहते तिला मी हजेरी म्हणते, कारण ती शाळेसारखीच आहे. हजर असेल त्याचंच नाव. एखाद्याला सोडून दिलं की नाव गेलं, आणि घोळ वर्गातला सोडलात तर तो पुन्हा भेटत नाही. तेव्हा जपून.

तुमचा लाडका भाचा साकिब कुवेतहून फोन करून सारख्या बढाया मारतो. तो मे महिन्यात इकडे येणार आहे, दरवर्षी येतो तसा, त्याच्या अब्बांबरोबर. आमची पैज लागली आहे. मे संपायच्या आत ज्याची हजेरी भरेल त्याला दुसऱ्याने उस्ताद म्हणायचं. घोळ वर्गात चौथी जात पण आहे असं तो म्हणतो, पण तो थापाड्या आहे.

मागचा मे तुम्ही चुकवलात, त्याच्या आधीचाही. या वेळी तुमचं काँट्रॅक्ट एप्रिलअखेर संपतं. कॅलेंडरवर अम्मीने खूण केली आहे, मी नाही. काळी कॅसेट घेऊन या.

तुमची,
महरीन


कोबे बंदर, जपान
८ जानेवारी २००१

चि. महरीन हिस,

अब्बाची मनापासून दुवा. तुझं पत्र कंपनीच्या मुंबई ऑफिसातून फिरत फिरत इथे एजंटाकडे मिळालं. मी ते मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, कारण आता हा विषय माझा एकट्याचा राहिलेला नाही गो. सगळी बोट बिघडली आहे.

सुरुवात आमच्या भंडाऱ्यापासून झाली. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, गुहागरचा लवू. मी रात्री डबा उघडून बसलो की तो खांद्यावरून डोकवायचा. मग खलाशांच्या मुकादमाला म्हणतात तसं म्हणाला, सारंगानू, जरा बघू. त्या जराने आमचं कालवण करपलं. ते कुठे करपलं म्हणून बघायला चीफ इंजिनियर आला, युक्रेनचा आहे, वाघासारखा माणूस, हसताना कोणी बघितला नव्हता. तो आता जेवण झालं की हात धुऊन नंबर लावतो. गुहेच्या टोकाचा तुझा ठाण मांडलेला आम्ही पकडला त्या दिवशी त्याने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतो. इंजिनाचा भोंगा वाजवायचा तेवढा बाकी ठेवला.

आता तुझ्या वर्गवारीबद्दल. तारलीला तू सगळ्यात खालचा वर्ग दिलास, हे तुझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर पानावरून उठले असते. ज्या साली तारली खाडीत फिरकत नाही त्या साली तिच्यासाठी माणसं वेडी होतात. दुर्मिळ काय हे माशाला विचारून ठरत नाही, ते हंगामाला विचारावं लागतं. लवूचं म्हणणं आणखी निराळं. ज्याचा रस्सा चांगला होतो तो वरचा वर्ग. चीफने टेबलावर हात आपटून स्वतःची वर्गवारी सांगितली, ती आम्हाला कुणाला कळली नाही, पण तो ज्या आवेशाने बोलला त्यावरून बरोबर असावी.

परवा बंदरात उतरलो, कारण डब्याचे सेल संपले होते. थंडी अशी की नाक आहे की पडलं ते चाचपून बघावं लागे. एका मोठ्या दुकानात खेळण्यांच्या मजल्यावर गेलो तर ही लांब रांग. सगळी पोरं, प्रत्येकाच्या हातात आपल्यासारखाच डबा. म्हटलं, सेलची रांग असणार. तुला ठाऊक आहे, रांग दिसली की खलाशी उभा राहतो, कशाची आहे ते नंतर विचारतो. पोरांमध्ये मी एकटा, बॉयलर सूट घातलेला, दाढीवाला. एका पोराने मला चॉकलेट दिलं. मी त्याला माझे प्राणी दाखवले, त्याने मान डोलावली, मला फार बरं वाटलं.

माझा नंबर आला तर पिवळी टोपी घातलेल्या मुलाने वाकून सलाम केला. मीही वाकलो. त्याने माझा डबा घेऊन वायर जोडली, काहीतरी चकाकलं, मग पुन्हा वाकला. मीही पुन्हा वाकलो. मला वाटलं डबा तपासून देतात, जपानी माणूस व्यवस्थित. सेल शेवटी खालच्या मजल्यावर मिळाले.

बोटीवर येऊन बघतो तर माझ्या प्राण्यांमध्ये एक चिमुकलं पोर. अंगठ्याएवढं, पांढरं, कपाळावर ठिपका, शेपटीला गाठ मारल्यासारखं. कुठून आलं देव जाणे. ताकद काही नाही, नुसतं टुकुटुकु बघतं. तुझे आजोबा जाळं ओढलं की आधी पिल्लं वेचून पाण्यात टाकायचे, मग बाकीचं बघायचे. लहान असेल ते सोडायचं, मोठं होऊन येईल. मीही बिस्मिल्ला म्हणून सोडून दिलं. लवूने पण शाबासकी दिली. आपल्या घरचा नियम मी खेळातही मोडला नाही, हे तुला सांगावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

अम्मीला सांग, सूट दिसूनही मी या खेपेला काही घेतलं नाही.

तुझा,
अब्बा


राजिवडा, रत्नागिरी
२९ जानेवारी २००१

ती. अब्बांस,

सलाम. मी हे पत्र बसून लिहिते आहे कारण उभी राहिले तर पडेन.

शुक्रवारी साकिबचा फोन आला होता. त्याला इंग्रजी मासिक मिळालं आहे आणि त्यात घोळ वर्गाची खरी वर्गवारी आहे. माझ्या तिन्ही जाती बरोबर निघाल्या. पण चौथीही आहे. ही जात खेळात कुठेच राहत नाही. गुहेत नाही, रानात नाही, समुद्रात नाही. कंपनी ती स्वतःच्या हाताने वाटते, फक्त जपानात, फक्त ठरलेल्या दिवसांत, मोठ्या दुकानांमध्ये, वायर लावून. पिवळ्या टोप्या घातलेली माणसं वाटतात. त्या प्राण्याचं नाव किरुमी. पांढरी असते. अंगठ्याएवढी असते. कपाळावर ठिपका असतो. शेपटीबद्दल मी लिहीत नाही, मला लिहवत नाही.

आणि सोमवारी तुमचं पत्र आलं.

मी ते अम्मीला वाचून दाखवत होते, ती बांगडे साफ करत होती. पिवळी टोपी आली तिथे माझा आवाज चढला. वायर आली तिथे मी पाटावरून उठले. आणि ‘बिस्मिल्ला म्हणून सोडून दिलं’ वाचून मी अशी किंचाळले की शेजारची चिमा धावत आली, तिला वाटलं कुणीतरी गेलं. अम्मीने तिला सांगितलं की हिच्या अब्बांनी बोटीवरून एक माशाचं पिल्लू पाण्यात सोडलं. चिमा म्हणाली, मग चांगलं केलं की. मला या घरात कुणी समजून घेत नाही.

अब्बा, कुवेतमध्ये ती कुणाकडे नाही. मुंबईत कुणाकडे नाही. अख्ख्या हिंदुस्तानात ती फक्त तुमच्याकडे होती, आणि तुम्ही तिला म्हणालात, मोठी होऊन ये. ती मोठी होत नाही. ती तेवढीच असते. सोडली की ती कुठेही जात नाही, कारण तिला जायला जागाच नाही.

मी साकिबला कळवलं. तो इतका हसला की त्याच्या अम्मीने, फुफूने, त्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्याची हजेरीही किरुमीशिवाय अडली आहे, म्हणून तो जास्तच हसला.

मी तुमच्याशी कट्टी घेतली आहे, पण ती फक्त किरुमीपुरती. बाकीच्या विषयांवर बोलेन. जुळ्यांची अदलाबदल अजून बाकी आहे आणि त्यासाठी डबे शेजारी शेजारी लागतात. पडवीतली तुमची आरामखुर्ची अम्मीने विणून घेतली. चालत्या गाडीत तुम्हाला झोप येते, तर रत्नागिरी स्टेशन चुकवू नका. एप्रिलअखेर म्हणजे कुठली तारीख ते कळवा. अम्मी विचारते आहे.

तुमची (अर्धी कट्टी),
महरीन

ता.क. आजोबांच्या नियमाला मी काही बोलत नाही. आजोबांकडे व्हिडिओ गेम नव्हता.


सिंगापूर
२ मार्च २००१

चि. महरीन हिस,

दुवा. बाय माझे, तुझं पत्र वाचलं आणि बोटीवर सुतक पडलं. मी लवूकडे बघितलं, लवूने माझ्याकडे बघितलं. चीफला समजावून सांगायला वेळ लागला, कारण त्याला आधी वाटलं की कुणी माणूस पाण्यात पडला. कळल्यावर तो टोपी काढून डेकवर गेला. दोन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणतो, सारंग, तुझ्यासारखा माणूस मी जगात बघितला नाही. हे कौतुक होतं की शिवी ते मी विचारलं नाही.

पण तुझा बाप असा हातपाय गाळून बसणारा नाही. ऐक, मी काय केलंय ते, आणि मग अर्धी कट्टीही सोड.

आमची बोट मे महिन्यात पुन्हा कोबेला लागते आहे. एजंटाकडून दुकानात फोन करून घेतला, त्याच वेळी तिथे वाटपाची दुसरी खेप आहे. कॅप्टनला गाठलं. तो म्हणाला, तुझा बदली माणूस अजून ठरलेला नाही, तू राहत असशील तर उत्तमच, तीन महिने काँट्रॅक्ट वाढवून देतो. कागद कोलंबोला तयार होतील, तिथे सही करायची. मी त्याचा हात हातात घेऊन हलवला. म्हणजे मेमध्ये मी कोबेच्या रांगेत, या वेळी समजून उमजून, आणि ऑगस्टमध्ये तुझी किरुमी घेऊन तुझ्या दारात.

आता तू म्हणशील, मेची पैज? त्याचीही सोय केली. लवू एप्रिलमध्ये मुंबईला उतरतो आहे. त्याच्याजवळ काळी कॅसेट आणि माझा डबा देतो, तो गुहागरला जायच्या आधी वाकडी वाट करून राजिवड्याला येईल. मग तू साकिबसमोर दोन डबे जोड आणि जुळ्यांची अदलाबदल करून टाक. मी कोबेला दुसरा डबा घेईन, चीफ निम्मे पैसे घालतो म्हणाला. वायर कशी जोडायची ते लवूला नीट शिकवलं आहे, मी नसल्याचं तुला जाणवणारही नाही.

बघ, एकही गोष्ट राहिली नाही. मी दोन रात्री जागून हे सगळं जुळवलं आहे. साकिबला आता म्हणावं, हस.

अम्मीला ऑगस्टचं तूच सांग, तुझं ऐकते ती.

तुझा,
अब्बा


राजिवडा, रत्नागिरी
१८ मार्च २००१

तीर्थरूप अब्बांस,

सविनय सलाम. आपले दिनांक २ मार्चचे पत्र मिळाले. आपण घेतलेली तसदी पाहून आनंद झाला. आमची वार्षिक परीक्षा जवळ आली असून अभ्यास चांगला चालू आहे. हवा उकाड्याची आहे.

लवूकाकांबरोबर डबा पाठवू नये. त्याची आता गरज राहिलेली नाही. आज दुपारी मी माझ्याकडचा ठाण मांडलेला सोडून दिला, मग भटका, मग जुळ्यातला माझा. मग बाकीचेही सोडले. हजेरीत आता कोणी नाही.

ते लहान नव्हते. तरी सोडले.

आपल्या प्रकृतीस जपावे. ऑगस्टचे मी अम्मीला सांगितलेले नाही, ते आपण स्वतः सांगावे.

आपली आज्ञाधारक,
महरीन हुसेन होडेकर, इयत्ता सातवी


कोलंबो
९ एप्रिल २००१

महरीन,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, शाळेत पत्रलेखन शिकवतायत, पोरीने सराव केला. मी कौतुकाने लवूला दाखवलं. त्याने वाचलं, घडी घातली, आणि मला परत दिलं. पातेल्यात डाव फिरवत राहिला. मग म्हणाला, “सारंगानू, तिने तुम्हाला डबा मागितला होता की तुम्हाला बोलावलं होतं?”

मी केबिनमध्ये जाऊन तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. तुझा अब्बा गाढव आहे. नुसता गाढव नाही, शिक्षण घेतलेला गाढव. घोळ वर्गाच्या चार जाती तोंडपाठ केल्या आणि पोरगी काय सांगते आहे ते वाचता आलं नाही. तू पकडलेले सगळे सोडलेस ही ओळ मी बोटाखाली धरून पुन्हा पुन्हा वाचली. तुला माझा राग आला ते बरोबर आहे. मला दुखलं तेही बरोबर आहे. मला तुझी फार आठवण येते गो, हे मी पत्रात कधी लिहीत नाही, कारण लिहिलं की काम सुचत नाही.

काल कॅप्टनने कागद पुढे केला. मी सही केली नाही. तो चिडला, म्हणाला की तूच मागितलं होतंस. मी म्हटलं, साहेब, माझी वाचण्यात चूक झाली. त्याने बदली माणसासाठी मुंबईला कळवलं आहे. या महिन्याच्या २७ तारखेला मी मुंबईला उतरतो आणि २८ ला सकाळी रत्नागिरीला. चीफ रुसला आहे, त्याला किरुमी बघायची होती.

किरुमी मिळणार नाही. मी येतो आहे.

अब्बा


राजिवडा, रत्नागिरी
१० जून २००१

अब्बा,

हे पत्र मी तुमच्या बॅगेत सदऱ्यांच्या खाली ठेवणार आहे. बोट सुटल्यावर उघडायचं. तुम्ही चिपळूण यायच्या आधीच उघडणार हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, आधी डबा नीट सांभाळून ठेवा आणि मग वाचा.

तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हा मी पडवीत पुस्तक वाचत होते आणि मान वर केली नाही. पुस्तक उलटं होतं. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दल आभार. मग तुम्ही बॅगेतून काळी कॅसेट काढून म्हणालात, माझ्या हजेरीत पण आता कोणी नाही, कोलंबोला सगळे सोडले, बरोबरीने सुरू करू. मला इतका राग आला. तुमचा ठाण मांडलेला अख्ख्या बोटीने मिळून पकडला होता. मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले, आणि मग आपण दोन्ही कॅसेटी पुसून नवा खेळ मांडला, म्हणजे घोळ वर्गातलेही परत आले, आणि दोघं तारलीपासून सुरू झालो.

असा मे महिना मी बघितलाच नाही. तुम्ही दिवसाचे, मी रात्रीची असं कॅसेट बदलून खेळलो तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा पुढे गेलात ते मी अजून मान्य करत नाही. साकिब आला तो किरुमीचा चौकोन सोडून भरलेली हजेरी मिरवत, आणि दोनच दिवसांत आपल्या पडवीत मांडी घालून बसला, कारण एकट्याने भरलेल्या हजेरीत बघायला काही राहत नाही असं त्याचंच म्हणणं. सेल आणायला चिमाच्या भावाच्या दुकानात आपण इतक्या वेळा गेलो की त्याने शेवटी खोकंच पुढे ठेवलं. आणि फणसाच्या गऱ्यांचे हात लावल्यामुळे माझ्या डब्याचं एक बटण अजून चिकटतं आहे, ते तुमचं काम, साकिबवर घालू नका.

आणि अम्मी. मी मेले तरी ते विसरणार नाही. आपण तिघं भटक्यामागे आठवडा आठवडा फिरलो, नकाशे काढले, तुम्ही तर वारा कुठून वाहतो ते बघून अंदाज सांगत होतात. आणि अम्मी भाताला वाफ येईपर्यंत डबा हातात घेऊन म्हणाली, कुठलं बटण दाबायचं गो, आणि पहिल्या झाडीत भटका. पहिल्या जाळ्यात आत. तिने डबा परत दिला आणि भात उतरवायला गेली. तुम्ही म्हणालात, मैमुना, हे कसं केलंस? ती म्हणाली, मी त्याच्या मागे धावले नाही. साकिब आडवा पडून हसत होता, तुम्ही डोक्याला हात लावून बसला होतात. पैजेचा निकाल तिथेच लागला. आम्ही दोघंही आता अम्मीला उस्ताद म्हणतो, आणि ती ओ देते.

वर्गवारीचं भांडण मात्र मिटलं नाही. साकिबचं मासिक चार जाती सांगतं. तुम्ही हंगामाचं तुणतुणं सोडत नाही. जायच्या आदल्या दिवशी साकिबने मला बाजूला बोलावून विचारलं, मामूंनी खरंच सोडली का, हातात असलेली? मी म्हटलं, खरंच. त्याने मासिक काढलं. मग म्हणाला, कुवेतमध्ये हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. असं करणारा माणूस आम्हा कुणाच्या ओळखीत नाही. त्याने मासिकावर पेनाने पाचवी जात लिहिली, ‘सोडलेली’, आणि पुढे कंसात तुमचं नाव. तो जळत होता अब्बा. चक्क जळत होता.

आपली हजेरी जुळ्यांपर्यंत भरली आणि एकावर अडली. तिथे रिकामा चौकोन आहे, त्यात किरुमीची सावली दिसते. आधी मी तो बघितला की दात ओठ खायचे. मग साकिब येईल त्याला आधी तोच दाखवायचा, आणि मी किंचाळून दाखवायचे, आणि तुम्ही बिस्मिल्ला म्हणून हात हलवून दाखवायचात, आणि चिमा म्हणायची, मग चांगलं केलं की.

काल रात्री तुम्ही अम्मीला म्हणत होतात की या खेपेला बोट कोबेला जाते, सप्टेंबरात वाटप असेल, पोरीसाठी रांगेत उभा राहतो. मी झोपले नव्हते. तुम्ही बॅग भरायला लागलात की मी झोपत नाही, हे तुम्हाला माहीत नाही, आजपर्यंत सांगितलं नव्हतं. म्हणून आता लिहून ठेवते.

रांगेत उभे राहू नका. कागद पुढे केला तर नीट वाचा. पुढच्या एप्रिलमध्ये या, आणि येताना काही आणू नका.

तुमची,
महरीन